डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं

समुद्राच्या तळाशी जो काळपट, चिकट चिखल असतो ना, त्यात राहणाऱ्या एका जीवाणूपासून आजची गोष्ट सुरू होते. नाव त्याचं लांबलचक आहे, फ्लाव्होबॅक्टेरियम ओकिआनोकॉइटिस. पाठ करत बसू नका, पुढे शास्त्रज्ञांनी त्याचं घराणंही बदललं. आपल्याला त्याच्याकडून एकच वस्तू हवी आहे, आणि ती त्याने शत्रूसाठी राखून ठेवलेली असते. जीवाणूचा शत्रू कोण? विषाणू.

“म्हणजे आजोबा, जीवाणूंनाही सर्दी होते?” धाकटी नात.

सर्दी कसली गं, सरळ जीवच जातो. विषाणू जीवाणूच्या अंगाला चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. आत गेलेला डीएनए जीवाणूकडूनच नवे विषाणू तयार करवून घेतो आणि शेवटी ते त्याला फोडून बाहेर पडतात. म्हणून जीवाणू एक एन्झाइम बाळगून असतो. तुमच्या शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, तेच. परका डीएनए आत आला की हे एन्झाइम त्यावर ठरावीक अक्षरं हुडकतं आणि सापडली की डीएनए कापून टाकतं. जीवाणूने स्वतःच्या डीएनएवर त्या अक्षरांपाशी आधीच एक छोटासा रासायनिक गट चिकटवून ठेवलेला असतो, त्यामुळे घरचं वाचतं आणि परकं मरतं.

अशा एन्झाइमांवरच्या कामासाठी वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ या तिघांना १९७८ सालचं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत रोज वापरतात त्यातल्या बहुतेक एन्झाइमांची रीत एकच, जिथे ओळखायचं तिथेच कापायचं. आपल्या चिखलातल्या जीवाणूचं एन्झाइम मात्र तऱ्हेवाईक निघालं. सुगिसाकी आणि कानाझावा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी १९८१ साली ते जगापुढे ठेवलं. त्याचं नाव फॉक-वन. हे एन्झाइम डीएनएवर जी-जी-ए-टी-जी ही पाच अक्षरं ओळखतं, त्यांच्यावर ठाण मांडून बसतं, आणि कापतं मात्र पुढे जाऊन. एका साखळीवर नऊ अक्षरं सोडून आणि समोरच्या साखळीवर तेरा सोडून. मधली अक्षरं कोणती आहेत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

“ओळखायचं एकीकडे आणि कापायचं दुसरीकडे? असं कसं?” थोरल्याने विचारलं.

शाबास. हाच प्रश्न अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्यापुढे होता. शंका अशी की हे एन्झाइम एकसंध नसावं. त्यात दोन वेगळे भाग असावेत, एक ओळखणारा आणि एक कापणारा. पण शंका सिद्ध कशी करायची? एन्झाइम काही डोळ्यांना दिसत नाही.

त्यांनी ट्रिप्सिन घेतलं. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटात अन्नातली प्रथिनं तोडणारं पाचक एन्झाइम. आणि फॉक-वन हेही शेवटी एक प्रथिनच. प्रथिनाची घडी जिथे घट्ट बसलेली असते तिथे ट्रिप्सिनला शिरकाव मिळत नाही, आणि जिथे धागा सैल असतो तिथे ते चटकन तोडतं. फॉक-वनचं वजन साधारण ६६ हजार डाल्टन. डाल्टन हे रेणू तोलायचं माप, हायड्रोजनचा एक अणू भरतो जवळजवळ एक डाल्टन. चंद्रसेगरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉक-वनला डीएनएवर बसू दिलं आणि मग ट्रिप्सिन सोडलं. नीट दोन तुकडे झाले. एक ४१ हजारांचा, दुसरा २५ हजारांचा. करा बेरीज.

“सहासष्ट!”

बरोबर. काही हरवलं नाही. मग दोन्ही तुकडे वेगवेगळे तपासले. ४१ हजारांचा तुकडा त्या पाच अक्षरांवर जाऊन बसत होता, पण कापत नव्हता. २५ हजारांचा तुकडा कापत होता, पण वाटेल तिथे. त्याला जागेचं भानच नव्हतं. हे छापून आलं १९९२ साली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. लाखो डॉलरचं यंत्र नाही, पोटातलं एक एन्झाइम आणि थोडा विचार, बस.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गंमत केली. दोन भागांच्या मधल्या जोडात चार जादा अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मणी, घातली. दुसऱ्या वेळी सात घातली. दोन्ही वेळा ओळखायची जागा तीच राहिली, पण छेद एक घर पुढे सरकला. नऊ-तेराच्या जागी दहा-चौदा. आता शंकेला जागाच उरली नाही. ओळखणारा वेगळा, कापणारा वेगळा, आणि दोघांना जोडणारा सांधा.

मग पुढचा विचार कुणाच्याही मनात येईल असाच होता. कापणाऱ्याचं डोकं काढून त्याला दुसऱ्याच कुणाचं डोकं बसवलं तर? डोकं ज्या अक्षरांवर बसेल, धड तिथे कापेल. १९९४ साली त्यांनी फळमाशीच्या एका प्रथिनातला डीएनए ओळखणारा भाग घेतला आणि फॉक-वनच्या कापणाऱ्या भागाला जोडला. जोडायचं म्हणजे डिंकाने चिकटवायचं नव्हे. दोन्ही भागांच्या जनुकांचे तुकडे एकापुढे एक शिवायचे आणि ते सलग जनुक एखाद्या साध्या जीवाणूला द्यायचं. तो बिचारा नवी आज्ञा वाचतो आणि कधीच नव्हतं असं एन्झाइम बनवून देतो. अर्धं माशीचं, अर्धं समुद्रातल्या जीवाणूचं. अशा जोडएन्झाइमाला संकरित एन्झाइम म्हणतात.

पण माशीच्या डोक्याला हवी ती अक्षरं शिकवता येईनात. हवं होतं मनाजोगतं बदलता येणारं डोकं. ते आलं बेडकाच्या अंड्यांतून.

केंब्रिजमध्ये ॲरन क्लुग आफ्रिकी बेडकाच्या कच्च्या अंड्यांतलं एक प्रथिन अभ्यासत होते. १९८५ साली त्यांच्या लक्षात आलं की त्या प्रथिनात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एकच नमुना नऊ वेळा पाठोपाठ आला आहे. प्रत्येक नमुन्यात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन, आणि ती चौघं मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. जस्तामुळे त्या छोट्या तुकड्याची घडी पक्की बसते. या घड्यांना ‘जस्ताची बोटं’, झिंक फिंगर, असं नाव पडलं. १९९१ मध्ये निकोला पाव्हलेटिच आणि कार्ल पाबो यांनी, तेही बाल्टिमोरातच, उंदराच्या अशाच एका प्रथिनाचं डीएनएला धरून बसलेलं चित्र मिळवलं. तीन बोटं डीएनएच्या खाचेत एकापुढे एक बसलेली, आणि एकेक बोट ढोबळमानाने तीन-तीन अक्षरांशी गाठ घालणारं. तीन बोटं, नऊ अक्षरं. बोटावरची दोन-चार अमिनो आम्लं बदलली की ते वेगळी अक्षरं धरतं. झालं, चंद्रसेगरनना हवं ते डोकं मिळालं. १९९६ साली त्यांच्या गटाने जस्ताची बोटं आणि फॉक-वनचं कापणारं धड यांचा संकर छापला.

“पण आजोबा, ते खरंच कापतंय हे कसं कळलं? दिसत तर नाही म्हणालात.”

हे मात्र सावकाश सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. नवं एन्झाइम केलं म्हणणं सोपं. ते काम करतं का, किती करतं, आणि नको तिथे करत नाही ना, हे मोजून दाखवावं लागतं.

आजी चायना ग्रासची खीर करते ना? समुद्री शैवालातून निघणाऱ्या त्याच चायना ग्रासपासून आणखी शुद्ध करून ॲगरोज बनवतात. ते गरम पाण्यात विरघळवून पसरट साच्यात ओततात, आणि एका कडेला फणीसारखा साचा खोचून ठेवतात. थंड झालं की फणी काढतात आणि ओळीने छोटे खळगे उरतात. इकडे बारीक नळीत डीएनए आणि नवं एन्झाइम एकत्र ठेवलेलं असतं. नुसतं ठेवून ते कापत नाही बरं का. मॅग्नेशियम लागतं. मॅग्नेशियम नसेल तर एन्झाइम डीएनएला धरून बसून राहतं, कापायचं नाव काढत नाही. मॅग्नेशियमचा थेंब पडला की घड्याळ सुरू. ठरावीक मिनिटांनी मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन घालायचं की काम बंद. मग त्यातला थेंब निळा रंग मिसळून खळग्यात सोडायचा आणि वीज लावायची. डीएनएवर ऋण प्रभार असतो, तो धन टोकाकडे धावत सुटतो. लहान तुकडे जेलच्या जाळीतून भराभर निघून जातात, मोठे मागे रेंगाळतात. शेवटी जेल डीएनएला चिकटणाऱ्या रंगात बुडवून अतिनील प्रकाशाखाली धरायचं. काळोखात नारिंगी पट्टे उजळतात.

एकाच जागी छेद झाला असेल तर दोन रेखीव पट्टे. एन्झाइम वाटेल तिथे कापत सुटलं असेल तर पट्टे नाहीतच, वरपासून खालपर्यंत नुसता फराटा. संशोधकाला तो फराटा दिसला की महिन्याभराची मेहनत वाया गेली हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

बाल्टिमोरच्या संकराने कापलं. पण कोडं राहिलंच. डीएनएला दोन साखळ्या, दोन्ही कापायच्या. फॉक-वनच्या धडात तर साखळी कापायची रासायनिक जागा एकच. एका जागेने दोन साखळ्या कशा कापतात? एक कापून मग वळून दुसरी? की आणखी काही? हे मोजमापाने सुटणारं नव्हतं. इथे रचना बघावी लागते.

रचना बघायची तर आधी स्फटिक हवा. शुद्ध एन्झाइमचा छोटा थेंब काचेच्या पट्टीवर उलटा टांगतात, खाली क्षारांचं किंवा तशाच कशाचं दाट द्रावण, आणि वरून घट्ट बंद. थेंबातलं पाणी हळूहळू वाफ होऊन खालच्या द्रावणाकडे जातं, थेंब आटत जातो. नशीब चांगलं असेल तर अब्जावधी रेणू रांगेत बसून मिठाच्या कणाएवढा स्फटिक तयार होतो. नशीब नसेल तर नुसता गाळ. आणि नशिबाला इथे फार काम असतं. याचे नियम कुणालाच पुरते ठाऊक नाहीत, म्हणून शेकडो वेगवेगळी द्रावणं लावून बघतात. स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडतात. ते रेणूंवरून विखुरतात आणि पडद्यावर हजारो ठिपके उमटतात. कुठला ठिपका किती ठळक, यावरून भलंमोठं गणित करून रेणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा काढतात, आणि मग त्या नकाशात अमिनो आम्लांची साखळी ओवत जातात.

न्यूयॉर्कमध्ये अनील अगरवाल यांच्या गटाने हे फॉक-वनसाठी केलं. १९९७ साली त्यांनी डीएनएवर बसलेल्या फॉक-वनची रचना छापली, २.८ अँगस्ट्रॉम बारकाव्याने. एका मीटरचे हजार कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम. एवढ्या बारकाव्यात सुटा अणू दिसत नाही, पण साखळी कशी वळलीय आणि कुठलं अमिनो आम्ल कुठे तोंड करून बसलंय हे कळतं.

आणि काय दिसलं? ओळखणारा भाग डीएनएला घट्ट बिलगून बसलेला, अपेक्षेप्रमाणे. कापणारा भाग मात्र छेदाच्या जागेपाशी नव्हताच! तो ओळखणाऱ्याच्या अंगाला चिकटून, एका कडेला दडून बसला होता. इतक्या लांब, की तिथून त्याला कापणं शक्यच नाही. म्हणजे बसल्याबरोबर कापायचं असं या एन्झाइमाचं चालत नाही. आधी कापणाऱ्याने आपल्या जागेवरून सुटून पुढे झुकायला हवं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या कापणाऱ्या भागाची ठेवण बॅम-एचवन नावाच्या दुसऱ्या एका एन्झाइमाशी जुळत होती. बॅम-एचवनची रचना अगरवाल यांच्याच गटाने आधी काढलेली, आणि ते एन्झाइम कायम जोडीने राहतं. एक रेणू एक साखळी कापतो, दुसरा दुसरी. मग फॉक-वनचंही तसंच असेल? १९९८ साली डीएनए नसलेल्या फॉक-वनच्या स्फटिकात दोन रेणू कापणाऱ्या भागांनी एकमेकांना टेकलेले दिसले. पण स्फटिकात शेजारी बसले म्हणजे खऱ्या कामात जोडी करतातच असं नाही. दाटीत कोण कुणाला टेकत नाही?

म्हणून त्याच वेळी युराते बितिनाइते, अगरवाल आणि न्यू इंग्लंड बायोलॅब्सचे आयरा शिल्डक्राउट यांनी मिळून मोजमापाचे प्रयोग केले. ते ऐका, तुम्हांलाही समजतील. पहिला: एन्झाइमचं प्रमाण वाढवत गेले. एकट्याचं काम असतं तर वेग प्रमाणाच्या हिशेबात वाढला असता. तसं झालं नाही. एकाला दुसरा भेटण्यावर काम अडलंय हे त्यावरून कळलं. दुसरा: त्यांनी फॉक-वनचा एक असा भाऊ बनवला जो ती पाच अक्षरं ओळखूच शकत नाही. एकटा ठेवला तर त्याला बसायला जागाच नाही. पण मूळ फॉक-वनबरोबर मिसळला तर कापण्याचा वेग वाढला. म्हणजे जो डीएनएवर बसलेला नाही तोही येऊन हात लावून जातो! डोकं काढून टाकलेलं नुसतं धड मिसळलं, तरी तेच. तिसरा: रचनेत जिथे दोन धडं एकमेकांना टेकत होती, तिथली ४८३ आणि ४८७ क्रमांकांची दोन अमिनो आम्लं बदलली. छेदाची जागा शाबूत, ओळख शाबूत, फक्त एकमेकांचा हात धरायची जागा मोडली. कापणं जवळपास बंद पडलं.

बँकेच्या लॉकरला दोन चाव्या असतात, एक तुमच्याकडे आणि एक बँकेकडे, दोन्ही एकाच वेळी फिरल्याशिवाय दार उघडत नाही. फॉक-वनचं धड तसं आहे. एकट्याने त्याचं काही चालत नाही.

“मग संकरालाही दोन लागतील!” थोरला म्हणाला.

लागतात. आणि त्यातूनच या गोष्टीला खरी कलाटणी मिळाली. संकरात जुनं डोकं नाहीच, म्हणजे कापणाऱ्याला कुशीत दडवून ठेवणारं कुणी उरलं नाही. त्याला आवरणारा एकच नियम शिल्लक, दोघं भेटल्याशिवाय कापायचं नाही. हा नियम मला अडचण वाटण्यापेक्षा वरदान वाटतो. का ते हिशेबाने बघा. डीएनएची अक्षरं चार. पाच अक्षरांचा एखादा शब्द सरासरी १०२४ अक्षरांत एकदा येतो, चार गुणिले चार असं पाच वेळा. नऊ अक्षरांचा शब्द २ लाख ६२ हजारांत एकदा. माणसाच्या डीएनएत अक्षरं सुमारे ३०० कोटी, म्हणजे नऊ अक्षरांचा शब्द त्यात हजारो जागी सापडणार. तेवढ्या जागी कापलं तर पेशी मेलीच. पण दोन संकर, डीएनएवर समोरासमोर, एकाची नऊ अक्षरं आणि दुसऱ्याची नऊ? अठरा अक्षरांचा शब्द ६,८७१ कोटी अक्षरांत एकदा. माणसाच्या डीएनएत योगायोगाने तो दुसऱ्यांदा येण्याची शक्यता फार थोडी.

युटा विद्यापीठात डॅना कॅरल यांनी चंद्रसेगरन यांच्याबरोबर हे पक्कं केलं. दोन संकरांच्या बसण्याच्या जागांमध्ये किती अक्षरं सोडायची, सांधा किती लांब ठेवायचा, हे २००० साली नळीत आणि २००१ साली बेडकाच्या अंडपेशींत तपासून काढलं. सांधा अगदी आखूड ठेवला तर मध्ये सहाएक अक्षरांचं अंतर सर्वांत चांगलं जमतं. २००२ मध्ये कॅरल यांच्या गटाने फळमाशीचं रंगाचं जनुक याच संकराने मोडलं आणि काही माश्या अंगावर पिवळे चट्टे घेऊन आल्या. २००३ मध्ये मॅथ्यू पोर्टियस आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी माणसाच्या पेशींत करून दाखवलं. २००५ मध्ये संगामो कंपनीच्या संशोधकांनी प्रतिकारशक्तीचा जन्मजात विकार ज्या जनुकातल्या दोषाने होतो, ते जनुक माणसाच्या पेशींत दुरुस्त होऊ शकतं हे दाखवलं. १८ टक्क्यांहून अधिक पेशींत बदल झाला होता. त्याआधी असा बदल लाखात एखाद्या पेशीत जमला तरी लोक खूश व्हायचे.

आनंदाला गालबोट लागलं ते विषारीपणाचं. पेशी मरत होत्या. कारण शोधायला पुन्हा रचनेकडेच जावं लागलं. दोन संकर, डावा आणि उजवा. त्यांनी एकमेकांशी जोडी करायची हे ठीक. पण दोघांची धडं अगदी सारखी, त्यामुळे डावा डाव्याशी आणि उजवा उजव्याशीही जोडी करतो. आणि भलत्याच जागी कापतो.

२००७ साली अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून एकच तोडगा काढला. दोन धडं जिथे टेकतात ती जागा स्फटिकाच्या चित्रातून माहीत होतीच. अमेरिकी गटाने एका धडाच्या ४९० आणि ५३८ या जागांवर धन प्रभाराचं लायसिन बसवलं. दुसऱ्याच्या ४८६ व्या जागी ऋण प्रभाराचं ग्लुटामेट, आणि ४९९ व्या जागी ल्युसिन. आता धन-ऋण जवळ येतात, धन-धन दूर लोटतात. डावा डाव्याशी हात मिळवायला गेला तर जमतच नाही. पेशी मरणं लक्षणीय कमी झालं. दहा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये केवळ कुतूहलापोटी काढलेलं चित्र इथे पेशंटच्या जिवाला उपयोगी पडलं. चित्र नसतं तर त्या पाचशे-ऐंशी अमिनो आम्लांतल्या कुठल्या बदलायच्या, हे अंधारात चाचपडत बसावं लागलं असतं.

पेशंट म्हणालो, ते उगीच नाही. एचआयव्हीचा विषाणू पांढऱ्या पेशीत शिरताना बहुतेक वेळा सीसीआर-फाइव्ह नावाच्या प्रथिनाला धरतो. ज्यांच्यात ते प्रथिन जन्मतःच मोडलेलं असतं, त्यांना तो सहसा लागत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बारा रुग्णांच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून जस्ताच्या बोटांच्या संकराने त्यांतलं ते जनुक मोडलं आणि पेशी परत त्यांच्याच अंगात सोडल्या. प्रत्येकाला सुमारे एक हजार कोटी पेशी. २०१४ साली निकाल आला. उपचार सोसवला, बदललेल्या पेशी अंगात टिकल्या. रोग बरा झाला असं नव्हे, तसं कुणी म्हणू नये. पण माणसाच्या पेशींत ठरवलेल्या जागी हात घालून त्या माणसाला परत देता येतात, हे तिथे पहिल्यांदा दिसलं.

आता जरा आपल्या परसात या. कागदी लिंबाच्या पानांवर आणि फळांवर ते खरबरीत तपकिरी फोड येतात ना, खैऱ्या? आणि कोकणात भाताच्या पात्या कडांकडून वाळत जातात, तो कडा करपा? दोन्ही रोग झँथोमोनास कुळातल्या जीवाणूंचे. हे लबाड जीवाणू झाडाच्या पेशीत एक प्रथिन टोचतात. ते प्रथिन झाडाच्याच डीएनएवर जाऊन बसतं आणि जीवाणूला सोयीचं जनुक सुरू करतं. हे प्रथिन म्हणजे साधारण ३४ अमिनो आम्लांच्या एकाच नमुन्याची रांग, आणि नमुन्यानमुन्यांत फरक मुख्यतः बाराव्या आणि तेराव्या जागेचा. २००९ साली जर्मनीतल्या हाले शहरात येन्स बॉख आणि उला बोनास यांनी, आणि अमेरिकेत मॅथ्यू मॉस्कू व ॲडम बोग्दानोव्ह यांनी, एकाच वेळी उलगडलं: एक नमुना, एक अक्षर. त्या दोन जागांवर कोण आहे यावरून कुठलं अक्षर ते ठरतं. जस्ताच्या बोटांची कटकट अशी की शेजारचं बोट बदललं की याचंही वागणं बदलतं. इथे ती कटकट फार कमी. मग काय, २०१० मध्ये हेच डोकं फॉक-वनच्या धडाला लावलं. कडा करप्याच्या जीवाणूतल्या अशाच एका प्रथिनाची रचना २०१२ साली सिएटलमध्ये काढली गेली. डीएनएभोवती गोल गोल वेटोळे घालून बसलेली लांब रांग, आणि प्रत्येक वेटोळ्यातलं तेरावं अमिनो आम्ल आपल्या वाटच्या अक्षराशी लागलेलं.

२०१५ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका तान्ह्या मुलीवर सगळे उपाय थकले होते. दुसऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशींत या संकराने बदल करून त्या तिला दिल्या. कर्करोग हटला आणि पुढे तिच्यावर मज्जारोपण झालं.

“आणि क्रिस्पर? आमचे सर म्हणाले की आता सगळीकडे तेच.”

सरांचं बरोबर आहे. २०१२ नंतर क्रिस्पर हे डीएनए कापायचं नवं हत्यार आलं. त्याला डोकं म्हणून आरएनएचा तुकडा पुरतो, दर वेळी नवं प्रथिन घडवायची यातायात नाही. स्वस्त, सोपं, झपाट्याचं. जस्ताची बोटं मागे पडली. पण ऐका. क्रिस्परही कधी कधी चुकीच्या जागी कापतं. तेव्हा २०१४ मध्ये हार्वर्डच्या दोन गटांनी काय केलं असेल? क्रिस्परच्या प्रथिनाची कापायची शक्ती काढून टाकली, ते फक्त ओळखण्यापुरतं ठेवलं, आणि त्याला फॉक-वनचं धड लावलं. पुन्हा दोघं समोरासमोर भेटल्याशिवाय छेद नाही.

कंटाळा आला असेल तर उठा, पण उठल्यावर एक काम करा. जगभरात काढलेल्या प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँक नावाच्या संग्रहात ठेवल्या जातात. १९७१ पासून तो चालू आहे आणि कुणालाही फुकट बघता येतो. संगणकावर तो उघडा आणि शोधायच्या चौकटीत आधी १ हा आकडा आणि त्यापुढे रोमन लिपीत एफ, ओ, के ही अक्षरं टाका. डीएनएवर बसलेलं फॉक-वन समोर येईल. माऊसने फिरवून दडून बसलेला कापणारा भाग तुमचा तुम्ही शोधा. तो सापडला की १ च्या जागी २ टाका, आणि दोघे एकमेकांना नेमके कुठे टेकलेत ते बघून मला येऊन सांगा.